उदंचन : आटगाव परिसरातील ऊर्जेचा शब्देतिहास

सरकारी कारभारातील शब्द कसे जन्मतात, याचा कोणी अभ्यास केला तर त्यात 'अपारंपरिक ऊर्जा' या शब्दाला मानाचे पान द्यावे लागेल. १९७३ च्या तेलसंकटाने जगाची झोप उडवली. त्यानंतर भारत सरकारने १९८१ मध्ये ऊर्जेच्या अतिरिक्त स्रोतांसाठी एक आयोग नेमला, १९८२ मध्ये अपारंपरिक ऊर्जास्रोतांचे स्वतंत्र खाते काढले आणि १९९२ मध्ये त्या खात्याचे मंत्रालय केले. या मंत्रालयाच्या दप्तरी सूर्य अपारंपरिक ठरला, वारा अपारंपरिक ठरला आणि शेणही अपारंपरिक ठरले. दगडी कोळसा आणि खनिज तेल मात्र पारंपरिक! शहापूर तालुक्यातल्या एखाद्या पाड्यावर जी बाई काटक्यांवर भाकरी भाजत होती आणि अंगणातल्या उन्हात भात वाळवत होती, तिला तिच्या आजीची ऊर्जा ही अपारंपरिक असल्याचे कोणी सांगितले असते, तर ती हसली असती. पुढे २००६ मध्ये मंत्रालयाचे नाव 'नवीन आणि नवीकरणीय ऊर्जा' असे झाले. परंतु शब्द कोणाच्या दारात उभे राहून घडवायचे, हा प्रश्न त्या नामांतराने सुटला नाही.

ऊर्जेच्या प्रश्नात मराठीच्या मास्तरांनी नाक खुपसावे काय, असे आमच्याच एका सहकाऱ्याने आम्हांस विचारले. मेगावॅट आणि व्होल्ट हे आमचे क्षेत्र नव्हे, हे मान्यच आहे. परंतु राष्ट्रीय योजना ही प्रथम एक संहिता असते. ती व्याख्यांवर उभी असते, आणि कोणाला काय मिळायचे व कोणाला काय मिळायचे नाही, हे पुष्कळदा त्या व्याख्येतच ठरून जाते. शहापूर-मुरबाडचा हा पट्टा गेली दीडशे वर्षे मुंबईला या ना त्या रूपाने ऊर्जा पुरवीत आला आहे. मात्र दर वेळी तिला जो शब्द वापरला गेला, त्या शब्दात हे देणे 'देणे' म्हणून नोंदले गेलेच नाही. प्रस्तुत लेखात आम्हांला हीच गोष्ट तपासायची आहे.

आटगाव हे मध्य रेल्वेच्या कसारा मार्गावरील एक लहानसे स्थानक. आसनगाव मागे पडले की डावी-उजवीकडची वस्ती विरळ होत जाते, डोंगर जवळ येतात आणि कसाऱ्याकडे चढ सुरू होतो. आसनगावच्या पुढे कसाऱ्यापर्यंतचा लोहमार्ग १८६१ मध्ये सुरू झाला. त्यापूर्वीही या भागातले लाकूड खाड्यांच्या वाटेने मुंबईस जात असेच. रेल्वेने ती वाट सोपी केली. मुंबईच्या चुली, बंब, हमामखाने आणि भट्ट्या ठाणे जिल्ह्याच्या जंगलावर चालत होत्या, हे त्या काळातले कागदपत्र वाचणाऱ्यास पदोपदी जाणवते. आजच्या परिभाषेत यास 'जैवभार' म्हणतात. त्या वेळी त्यास सरकारी वनोत्पन्न म्हणत.

जंगलावरील सरकारी पकड आवळत गेली तेव्हा मोठा तंटा उभा राहिला तो राबाच्या प्रश्नावर. भाताचे रोप टाकण्यापूर्वी दाढीच्या जमिनीवर टहाळ, पालापाचोळा, गवत आणि शेण पसरून भाजायचे, ही येथली जुनी रीत. टहाळ तोडण्यास मनाई झाली, तेव्हा ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतील रयतेच्या तक्रारी इतक्या वाढल्या की १८८५ मध्ये सरकारला खास वनचौकशी आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल १८८७ चा. वनाधिकाऱ्यांच्या मते राब म्हणजे निव्वळ नासाडी, आणि शेतकऱ्याच्या मते त्यावाचून भातच नाही. मौज अशी की तोच टहाळ, तेच लाकूड मुंबईच्या वखारीत पोहोचले की त्याला कोणी नासाडी म्हणत नसे. कातकऱ्यांची कथा याहून कडवट आहे. काथ करणारे म्हणून ज्यांना हे नाव पडले, त्यांना खैराचे जंगल बंद झाल्यावर ठेकेदारांनी कोळसाभट्ट्यांवर नेले. आगाऊ रकमेच्या बदल्यात सबंध कुटुंब आठ-आठ महिने भट्टीवर राबत असे. शहराला धूर नसलेले सरपण हवे होते. धूर भट्टीवरच्या माणसांच्या वाट्याला गेला.

वीज या परिसरात आली ती रेल्वेसाठी. कल्याण ते इगतपुरी हा मार्ग १९३० च्या सुमारास विजेवर चालू लागला. त्यासाठीची वीज ठाकुर्लीच्या चोळा येथील कोळशावरच्या वीजघरातून येई. म्हणजे आटगावच्या डोक्यावरून तारा गेल्या त्या नव्वदहून अधिक वर्षांपूर्वी. त्या तारांखालच्या घरांत दिवा लागायला पुढच्या दोन-तीन पिढ्या जाव्या लागल्या, आणि आडबाजूच्या पाड्यांपर्यंत तो या शतकात पोहोचला. रुळांवरून वीज धावते आणि रुळांलगतच्या झोपडीत रॉकेलची चिमणी मिणमिणते, हे चित्र आमच्या पिढीच्या अनेक विद्यार्थ्यांनी स्वतः पाहिलेले आहे.

याच सुमारास, खरे तर याच्याही आधी, एक वेगळी ऊर्जा येथून जाऊ लागली होती. तानसा तलाव १८९२ मध्ये पुरा झाला. आटगाव हेच त्याला जवळचे स्थानक. तानसाची महती सांगताना अभियंते आवर्जून सांगतात की तेथील पाणी मुंबईस गुरुत्वाकर्षणाने जाते, त्यास पंप लागत नाही. आम्हांस वाटते, या वाक्यावर जरा थांबायला हवे. पंप लागत नाही याचा अर्थ पाणी उचलण्याची ऊर्जा लागत नाही, आणि ती लागत नाही याचे कारण शहापूरची जमीन मुंबईपेक्षा उंच आहे. जी ऊर्जा मुंबईला खर्च करावी लागली नाही, ती शहापूरच्या उंचीने पुरवली. सव्वाशेहून अधिक वर्षे हा पुरवठा अव्याहत चालू आहे आणि तो कोणत्याही वीजबिलात नाही. १९५७ मध्ये मोडकसागर आले, पुढे भातसा आले आणि २०१४ मध्ये मध्य वैतरणा. उलट बाजूला, धरणाच्या काठावरची गावे पाण्याच्या पातळीहून वर आहेत. त्यांना तेच पाणी हवे तर पंप लागतो, आणि पंपाचे बिल ग्रामपंचायतीने भरायचे. वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस झेलणाऱ्या या तालुक्यात उन्हाळ्यात टँकर का फिरतात, याचे एक उत्तर या साध्या भूगोलात आहे. भातसाच्या पायथ्याशी १५ मेगावॅटचे एक वीजघरही आहे. त्याचा उल्लेख येथे एवढ्यासाठी केला की पुढे त्याची गंमत सांगायची आहे.

मध्यंतरी राष्ट्रीय योजना एकदा खरोखर स्वयंपाकघरापर्यंत आली होती. १९८१-८२ पासून गोबरगॅसचा राष्ट्रीय कार्यक्रम आणि पाठोपाठ निर्धूर चुलींचा. त्या काळात योजनेचे यश मेगावॅटमध्ये मोजत नसत, चुलींच्या संख्येत मोजत. त्यातही त्रुटी होत्याच. गोबरगॅससाठी दावणीला तीन-चार जनावरे हवीत, म्हणजे भूमिहीन कातकरी त्यातून आपोआप बाद. चुली बांधून आकडे पुरे केले जात आणि पहिल्या पावसाळ्यानंतर कित्येक घरांत जुनी तीन दगडांची चूल परत येई. तरीही, ऊर्जा म्हणजे सर्वप्रथम बाईच्या डोळ्यांतला धूर, हे निदान योजनेला ठाऊक होते. चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम २००२ च्या सुमारास गुंडाळला गेला. त्यानंतर योजना बोलू लागली ती फक्त मेगावॅटची भाषा.

आता घाटघर. सह्याद्रीच्या माथ्यावर अकोले तालुक्यात घाटघर आणि खाली कोकणात शहापूर तालुक्यातले चोंढे. मधे कडा. डोळखांबच्या पुढे गेले की हा कडा आडवा येतो. वर प्रवरेच्या उगमाकडच्या अंगाला एक धरण, खाली चोंढ्याला दुसरे, दोन्हींच्या मधे डोंगराच्या पोटातून गेलेले बोगदे आणि भूमिगत वीजघर. प्रत्येकी १२५ मेगावॅटचे दोन संच, एकूण २५० मेगावॅट. जपानने १९८८ मध्ये त्यासाठी कर्ज देऊ केले आणि प्रकल्प चालू झाला २००८ मध्ये. रुळाने दाबलेल्या काँक्रीटची धरणे भारतात प्रथम येथे बांधली गेली. सरकारी मराठीत या प्रकाराला 'उदंचन जलविद्युत' म्हणतात. हा शब्द ज्याने योजला त्याचे संस्कृत पक्के असले पाहिजे. संस्कृतात 'उदञ्चन' म्हणजे वर उचलणे, आणि विहिरीतून पाणी काढायचा पोहराही. जगातील अत्यंत महागड्या यंत्रांपैकी एकाला आपण पोहऱ्याचे नाव दिले आहे, आणि ते चपखल आहे. विजेला मागणी कमी असते तेव्हा खालचे पाणी वर उपसायचे, आणि मागणी वाढली की तेच पाणी खाली सोडून वीज घ्यायची. तेच पाणी, पुन्हा पुन्हा. उपशाला जेवढी वीज लागते तेवढी परत मिळत नाही. ढोबळमानाने चार युनिटे घातली तर तीन परत. २५० मेगावॅटचे वीजघर सहा तास चालले तर १५ लाख युनिटे होतात, म्हणजे त्यासाठी २० लाखांच्या आसपास घालावी लागतात.

या यंत्राचा खरा कच्चा माल कोणता? पाणी म्हणावे तर ते खर्च होत नाही. वीज म्हणावी तर ती बाहेरून येते आणि कमी होऊन परत जाते. उरते ती उंची, सुमारे चारशे मीटरची. एक हजार लिटर पाणी चारशे मीटर खाली आले की गणिताने एक युनिटाहून किंचित अधिक ऊर्जा होते, आणि यंत्रातली तूट वजा जाता साधारण एक युनिट वीज. एका हंड्यात पंधरा लिटर पाणी धरले, तर तेवढ्या हंडाभर पाण्याने घाटघरचा कडा उतरताना नऊ वॅटचा एक दिवा दीड तासाहून थोडा अधिक वेळ जळेल. डोक्यावर हंडा घेऊन टेकडी चढणाऱ्या बाईचे काम ऊर्जेच्या भाषेत किती, हे काढायचा मोह आम्हांस झाला होता. काढलेही. उत्तर इतके लहान येते की ते येथे लिहिले तर तिचाच अपमान वाटावा. भौतिकशास्त्राचे एकक श्रमाला पुरत नाही, एवढेच त्यातून शिकलो. असो.

घाटघर चालू झाले ते वर्षही ध्यानात घ्यावे. २००८ मध्ये महाराष्ट्रात चार-पाच हजार मेगावॅटची तूट होती. ग्रामीण भागांत दिवसाचे कित्येक तास भारनियमन चाले आणि मुंबई त्यातून बव्हंशी वगळलेली होती. चोंढ्याचे वीजघर संध्याकाळच्या मागणीसाठी बांधले होते, आणि शहापूर तालुक्यात संध्याकाळीच अंधार असे. यात कोणा अधिकाऱ्याचा दुष्टपणा नव्हता. वीज एकदा राज्याच्या जाळ्यात गेली की ती कोठली हे तिच्यावर लिहिलेले नसते, आणि जाळ्यातून कोणाला किती, हे वसुली आणि गळतीच्या कोष्टकांवरून ठरे. पण म्हणूनच वस्तुस्थिती अधिक बोचरी होते. उंची कोठली, हे मात्र नकाशावर पक्के लिहिलेले असते.

शिवाय त्या काळात घाटघरला 'नवीकरणीय' म्हणता आले नसते. एक तर रात्रीची उरलेली वीज मुख्यतः कोळशाची होती. दुसरे असे की आपल्याकडे २५ मेगावॅटच्या आतली जलविद्युत नवीकरणीय आणि त्यावरची नाही, अशी रेघ होती. म्हणजे भातसाच्या १५ मेगावॅटचे पाणी नवीकरणीय, आणि त्याच सह्याद्रीतल्या साठ मेगावॅटच्या वैतरणा वीजघराचे पाणी नाही! मार्च २०१९ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ही रेघ पुसली आणि एका ठरावासरशी मोठे जलविद्युत प्रकल्पही नवीकरणीय झाले. नदीला त्याची खबर नव्हती.

राष्ट्रीय योजनेचे आकडे दरम्यान भराभर फुगत होते. २०१० मध्ये जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय सौर मोहीम सुरू झाली तेव्हा लक्ष्य होते २०२२ पर्यंत २०,००० मेगावॅट सौरविजेचे. २०१५ मध्ये ते एक लाखावर नेले गेले, आणि वारा, जैवभार व लहान जलविद्युत धरून एकंदर १ लाख ७५ हजार. २०२१ मध्ये ग्लासगो येथे पंतप्रधानांनी २०३० पर्यंत पाच लाख मेगावॅट जीवाश्मेतर क्षमतेचे अभिवचन दिले. २०२५ च्या मध्यास देशाच्या एकूण स्थापित क्षमतेचा निम्मा वाटा जीवाश्मेतर झाला. ही कामगिरी लहान नव्हे, आणि तिची टिंगल करण्यात आम्हांस रस नाही. कोळशाची राख ज्यांच्या शेतांवर पडते, त्यांच्या बाजूने पाहिले तर ही वाटचाल पूर्वीच व्हायला हवी होती.

अडचण सूर्यास्ताची आहे. दुपारी सौरवीज उतू जाते आणि दिवेलागणीला, नेमकी मागणी चढते तेव्हा, ती नाहीशी होते. तिला कोठेतरी साठवून ठेवावे लागते. २०२३ च्या राष्ट्रीय विद्युत योजनेने २०३१-३२ पर्यंत सुमारे २७ हजार मेगावॅट उदंचन आणि सुमारे ४७ हजार मेगावॅट बॅटऱ्या लागतील असा अंदाज केला आहे. म्हणजे घाटघरसारखी शंभरावर वीजघरे. जेथे कडा आहे, पाऊस आहे आणि मोठे शहर जवळ आहे, अशा जागा देशात किती? सह्याद्रीची पश्चिम धार हे त्याचे एक ठसठशीत उत्तर आहे. जून २०२३ मध्ये राज्य सरकार आणि एनएचपीसी यांच्यात काळू, सावित्री इत्यादी चार उदंचन प्रकल्पांसाठी ७,३५० मेगावॅटचा सामंजस्य करार झाला. भावली येथे नाशिक आणि ठाणे या दोन जिल्ह्यांत मिळून जेएसडब्ल्यू समूहाचा १,५०० मेगावॅटचा प्रकल्प आहे. थोडक्यात, उंचीचा बाजार भरला आहे.

आणि येथे पुन्हा शब्द आडवा येतो. २००८ च्या जलविद्युत धोरणात अशी तरतूद होती की प्रकल्पाने ज्या राज्याचे पाणी घेतले त्याला बारा टक्के वीज मोफत द्यावी आणि आणखी एक टक्का स्थानिक क्षेत्रविकास निधीसाठी. हा एक टक्का म्हणजे धरणाखालच्या माणसाचे नाव सरकारी हिशेबवहीत प्रथमच आल्यासारखे होते. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने उदंचन प्रकल्पांसाठी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. त्यांत म्हटले आहे की उदंचन प्रकल्प हे मूलतः साठवणुकीचे प्रकल्प असल्याने त्यांच्यावर मोफत विजेचे बंधन नको. त्यांचा पर्यावरणावरील परिणाम अत्यल्प असतो आणि पुनर्वसनाचा प्रश्न नसतो, सबब स्थानिक क्षेत्रविकास निधीचीही आवश्यकता नाही.

यातील पहिला युक्तिवाद आम्हांस पटतो. जे यंत्र वीज निर्माण करीत नाही, उलट खाते, त्याच्याकडून मोफत वीज कशी मागणार? पण दुसरा पटत नाही. 'निर्मिती' नाही म्हणून दात्याचा प्रश्न नाही, ही शब्दाची करामत आहे. वाण्याने धान्य पिकवले नाही म्हणून वखारीचे भाडे कोणी बुडवीत नाही. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत शेतकऱ्याची जमीन पॅनेलांसाठी घेतली तर हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडे आणि त्यात दरवर्षी वाढ, असे राज्याने २०२३ मध्ये ठरवले. जमिनीवर पडणाऱ्या उन्हाला भाडे आहे. जमिनीच्या उंचीला का नसावे?

'पुनर्वसनाचा प्रश्न नसतो' हे विधानही शहापूर-मुरबाडच्या सातबाऱ्यावर ताडून पाहावे. येथे वरकस नावाची जमीन असते. भाताच्या खाचराच्या वरची, उताराची, मुरमाड. परगावच्या पाहुण्याला ती पडीक दिसते. परंतु राबाचा पालापाचोळा तेथला, गवत तेथले, नाचणी-वरई तेथली, गुरे तेथे चरतात. एका खाचराच्या पाठीमागे त्याची वरकस उभी असते, म्हणून तर जुन्या महसुलात ती वेगळी नोंदलेली आहे. ती गेली तर घर जात नाही, त्यामुळे पुनर्वसनाच्या यादीत नाव येत नाही. शेती मात्र जाते. कड्याखालच्या वनजमिनीचे तसेच. शहापूर तालुका आणि मुरबाडचा काही भाग अनुसूचित क्षेत्रात येतो. १९९६ चा पेसा कायदा आणि २००६ चा वनहक्क कायदा यांनी अशा ठिकाणी ग्रामसभेला बोलण्याचा अधिकार दिला आहे. तो कागदावर राहतो की नाही, हे मुरबाडच्या लोकांनी काळू धरणाच्या वेळी पाहिले. वनमंजुरी नसताना धरणाचे काम चालू झाले होते. श्रमिक मुक्ती संघटनेने ते न्यायालयात नेले आणि २०१२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ते थांबवले. त्याच नदीचे नाव आता उदंचनाच्या यादीत दिसते.

आमच्या वर्गातल्या एका मुलीने विचारले होते की, सर, सूर्याची वीज साठवायला आमचा डोंगर, मग आमच्या शाळेच्या छपरावरचा सूर्य का नको? आम्ही तिला छपरावरच्या पॅनेलांची, बॅटरीची, खर्चाची माहिती दिली. ती तिने वहीत उतरवून घेतली. तिच्या प्रश्नाचे ते उत्तर नव्हते, हे तिलाही कळले असावे. उदंचनाला विरोध करावा असे आम्हांस वाटत नाही. बॅटऱ्यांचे लिथियम कोठल्या तरी दुसऱ्या आटगावातूनच खणले जाते. मात्र जो एक टक्का २००८ मध्ये दिला गेला आणि २०२३ मध्ये 'साठवण' या शब्दाखाली काढून घेतला गेला, तो राज्य सरकारला आपल्या करारांत आजही परत घालता येण्यासारखा आहे. तत्त्वे मार्गदर्शक आहेत, आणि पाणी हा राज्याच्या अखत्यारीतला विषय आहे.

भावलीच्या नावाने आणखी एक योजना आहे, तिची आठवण येथे द्यावीशी वाटते. इगतपुरीकडच्या भावली धरणाचे पाणी शहापूरच्या टंचाईग्रस्त गावपाड्यांना घाट उतरून आणावयाचे, तेही पंपाविना, निव्वळ उताराने. या तालुक्याने अनेक वर्षे ती लावून धरली आहे. तानसाच्या पाण्याला जो न्याय १८९२ मध्ये मुंबईच्या दिशेने लागू झाला, तोच येथे वरच्या अंगाने शहापूरच्या दिशेने लागू करायचा आहे. एकाच कड्यावरून एक पाणी रोज उतरून रोज चढेल आणि दुसरे फक्त एकदाच उतरून हंड्यात पडेल. या दोहोंतले आधी कोणते उतरते, ते पुढच्या काही वर्षांत आटगावच्या फलाटावरूनही दिसेल.